काचेच्या ट्रेखालचं नाव

कोर्चा, अल्बानिया
सोमवार, १५ ऑक्टोबर २०१८

आणि वर सही काय, तर "आपली नम्र भगिनी, रीव्हा ऑलरेड." नम्र! एकसष्ट वर्षांत तू कोणापुढे नम्र झालेली मी पाहिली नाही. आणि झालीस ती नेमकी चर्चने माझ्यावर नेमलेल्या मिशन प्रेसिडेंटपुढे, माझ्या पाठीमागे, दोन पानं टाइप करून.

तो बिचारा तिरानाहून तीन तास गाडी हाकत आला. आमच्या स्वयंपाकघरात बसला आणि अंगातला कोट काही काढेना. "सिस्टर थॉर्ली, तुमच्या बहिणीचं पत्र आलंय," म्हणाला. मला वाटलं तुझा नवरा गेला. मी मनात म्हटलं, डाल्टन गेला, रीव्हा एकटी पडली. बघ, माझ्या मनात आधी तू आलीस.

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचायला लागले, ओळीखाली बोट धरून, मी वाचते तसं. आणि पहिल्याच ओळीत काय, तर "माझ्या बहिणीला धड वाचता येत नाही." ते वाक्य मी त्या माणसासमोर बोट धरून वाचत होते, रीव्हा. तो खिडकीबाहेर बघत बसला. भला माणूस आहे.

आठवीत शाळा सोडली हे कळवलंस. का सोडली ते लिहायला शाई संपली का? बाबा गंजीवरून पडले आणि तुझं लग्न ठरलेलं होतं, म्हणून. शाळेचा माणूस दारात आला की बाबा सांगायचे, "पोरगी आजारी आहे." आणि मी मागे टर्क्यांना दाणे टाकत असायची, चांगली ठणठणीत.

तापट आहे म्हणून लिहिलंस. कारखान्यात मुकादमाला टर्की फेकून मारली म्हणे. मारली. मेलेली होती, सोललेली होती आणि लागली नाही. त्याने माझ्या शेजारी काम करणाऱ्या हुआनाला चार तास लघवीला जाऊ दिलं नव्हतं, हे तुला मी तेव्हाच सांगितलं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन, आणि या वेळी नेम धरून.

आणि शेवटी लिहिलंस, "आईच्या शेवटच्या क्षणी नेड्रा तिचा हात हातात घेऊन बसली होती. त्या धक्क्यातून ती सावरलेली नाही. ती सेवा करायला नाही, पळून गेली आहे. तिला घरी पाठवावं."

यावर मी आज काही लिहीत नाही.

आता नीट वाच. मिशनचे माझे अठरा महिने डिसेंबरात संपतात. मी आणखी सहा महिने मागितलेत. प्रेसिडेंट म्हणाला, "घरच्यांच्या विरोधात मी कोणाला ठेवून घेत नाही, सिस्टर. तुम्ही बहिणी-बहिणी आधी मिटवा. शुक्रवारी, तेवीस नोव्हेंबरला मी ठरवीन." म्हणजे मी इथे राहायचं की नाही हे तुझ्या हातात. आयुष्यभर जे होत आलंय तेच.

तर तू त्याला दुसरं पत्र लिही. "मी घाई केली" एवढंच लिही. दोन ओळी. दोन पानं टाइप करता येतात, तर दोन ओळी जमतील.

हे मी हाताने लिहिलंय. माझी जोडीदार सिस्टर ओपनशॉ पानांचे फोटो काढून तुला पाठवते. न वाचता पाठवते. कॅनडाची आहे, चाळीस वर्षं ग्रंथालयात होती, दिलेला शब्द पाळते. "स्पेलिंग बघू का?" म्हणाली. मी म्हटलं, चुका माझ्या आहेत, तशाच जाऊ देत.

नेड्रा


सोमवार, २९ ऑक्टोबर

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी मोजल्या. "तुझ्या भल्यासाठीच केलं. इथे तुझी गरज आहे. डाल्टन आठवण काढतो."

कोणाला गरज आहे? कशाची गरज आहे? ते लिहायला तुझी बोटं मोडली का? सप्टेंबरात मी फोन केला तेव्हा डाल्टनने मला तीनदा विचारलं, "टर्क्यांना दाणे टाकलेस का?" तुमच्याकडे गेली चौदा वर्षं एक टर्की नाही. तू मागून हसलीस आणि म्हणालीस, "मस्करी करतोय." डाल्टनने जन्मात मस्करी केली नाही. अकरा वर्षं आईला सांभाळलेल्या बाईला तू हे सांगतेस?

तुला मी हवीय ती त्याचं करायला. मग तसं म्हण. माझं डोकं फिरलंय असं प्रेसिडेंटला का लिहितेस?

आणि पळून जाण्याबद्दल. हो, पळाले. आईनंतर मी आठ महिने तिच्याच आरामखुर्चीत बसून होते. टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा. रविवारी बायका यायच्या, केक ठेवायच्या, जायच्या. तू मागच्या दाराने यायचीस, फ्रीज उघडून बघायचीस, काय शिळं झालं ते फेकायचीस. मीही त्यातच मोडत होते बहुतेक, पण मला फेकता येत नव्हतं. बिशपने "मिशनवर जाशील का?" विचारलं तेव्हा त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. तुझ्या तिन्ही पोरांना तू फुगे, पाट्या घेऊन विमानतळावर सोडलंस. मला सोडायला टॅक्सी होती.

इथून पहिले पाच महिने तुला जी पत्रं लिहिली ती खोटी होती. "माणसं प्रेमळ, डोंगर सुंदर, देव पाठीशी." धादांत खोटं. दुसऱ्याच आठवड्यात मला घरी यायचं होतं. भाषा येईना. छातीवर नावाची पट्टी लावून आम्ही दोघी दारोदार. लोक आधी कॉफी पुढे करायचे, आपल्या धर्मात कॉफी चालत नाही म्हणून आम्ही नको म्हटलं की तोंड पाडायचे, आणि मग दारच पुढे ओढून घ्यायचे. सिस्टर ओपनशॉ सगळं वहीत लिहायची. मी मनात म्हणायची, नेड्रा, तू तिकडेही फर्निचर होतीस, इकडेही फर्निचर.

मग जिन्यात वास आला.

तुला तो वास माहीत नाही. तू मागच्या दाराने दहा मिनिटं यायचीस. मला माहीत आहे. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्या की येतो तो. आमच्या खालच्या मजल्यावर एफ्ताली राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सगळे तिला तेता एफ्ताली म्हणतात, म्हणजे मावशी. तिचा नवरा पेत्राक अर्धांगवायूने पडलेला. दोन्ही मुलं बॉस्टनला. मी दार वाजवलं. तिने माझ्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "देव नको, आमच्याकडे आहे."

मला शब्द येत नव्हते. मी नाकाला बोट लावलं, मग आतल्या खोलीकडे दाखवलं, मग बाह्या वर केल्या.

ती बाजूला झाली.

पेत्राक धिप्पाड माणूस. मी चादर त्याच्या अंगाखाली घातली, गुडघा दुमडला आणि कुशीवर घेतला, आईला घ्यायचे तसा. जखम माझ्या तळहाताएवढी. सिस्टर ओपनशॉला भोवळ आली. पण आम्हाला एकमेकींना सोडून जायची परवानगी नाही, म्हणून ती उंबऱ्यात स्टुलावर बसली आणि तिच्या त्या भयंकर उच्चारात भजनं वाचायला लागली. पेत्राक घाबरला. त्याला वाटलं कुणीतरी त्याला रागावतंय. एफ्ताली हसून हसून भिंतीला टेकली.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलायची कशी, ते मी तिला शिकवलं. तिने पलीकडच्या इमारतीत सांगितलं. आता सात घरं आहेत. सातही घरांत म्हातारी माणसं अंथरुणाला, आणि पोरं अथेन्सला नाहीतर बॉस्टनला. सकाळी आठला आम्ही निघतो. मी धुते, कूस बदलते, नखं कापते, घरातल्या बाईला शिकवते. भाजीवाला लांबून ओरडतो, "मॉर्मन बायका आल्या, पाणी तापवा!"

चर्चमध्ये किती जण आले म्हणशील, तर कोणी नाही. एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. आमच्या मिशनवरची तरुण पोरं-पोरी आकडे सांगतात तेव्हा मी शून्य सांगते, आणि मान खाली न घालता सांगते. एफ्ताली म्हणते, "तुझा देव कॉफी पीत नाही म्हणजे जरा विचित्रच आहे. पण त्याने हात चांगले दिलेत गं तुला."

तू म्हणशील, हेच करायचं होतं तर इथे काय वाईट होतं? हे बघ. तिथे मला कोणी विचारलं नाही. लग्न झालं नाही ना तुझं, मग आई तुझ्याकडे. झालं. इथे मी बाह्या माझ्या हाताने वर केल्या. एवढाच फरक आहे, आणि तो तुला कळणार नाही, कारण तुला सगळं विचारून दिलं गेलं.

प्रेसिडेंटला अजून पत्र गेलेलं नाही. मी विचारलं त्याला.

नेड्रा


सोमवार, ५ नोव्हेंबर

आज लांब लिहीत नाही. शनिवारी पेत्राक गेला. खाली बायका जमल्यात, मला बसायला जायचंय.

मी मयताचे बटाटे केलेत. किसलेले बटाटे, चीज, साय, कांदा, वर कॉर्नफ्लेक्स. आईची पद्धत. कॉर्नफ्लेक्ससाठी चार दुकानं फिरले.

तुझ्या ट्रेमध्ये केलेत. हो, तो माझ्याकडे आहे. निळसर काचेचा, मोठा, खाली चिकटपट्टीवर तुझं नाव. अडीच वर्षं तू तो परत मागितला नाहीस. कोणाकडे चमचा राहिला तरी फोन करणारी तू. मी तो स्वेटरमध्ये गुंडाळून विमानातून इथवर आणला. का आणला ते मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते.

नेड्रा


सोमवार, १२ नोव्हेंबर

हे पत्र तू बसून वाच. डाल्टनसमोर नको.

इथे मयताच्या घरी भिंतीला लावून खुर्च्या मांडतात. बायका काळ्या कपड्यांत येतात, बसतात, साखर नसलेली कॉफी येते. माझ्यापुढे पाणी ठेवतात, आता कोणी काही म्हणत नाही. आणि मग आलेली बाई विचारते, "कसे गेले?" नुसतं औपचारिक नाही. खरंच विचारते. आणि घरातली बाई सांगते, पहिल्यापासून. सकाळी काय खाल्लं, कुठल्या कुशीवर होता, शेवटचा शब्द काय बोलला. पाच मिनिटांनी दुसरी बाई येते, ती विचारते, पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मला ते पाठ झालं होतं, आणि एफ्तालीचा आवाज पहिल्या दिवशी फाटत होता तो फाटायचा थांबला होता.

आपल्याकडे बटाटे देतात, "ती आता चांगल्या ठिकाणी आहे" म्हणतात आणि गाडीत जाऊन बसतात. अडीच वर्षांत मला एका माणसाने विचारलं नाही, नेड्रा, आई कशी गेली? कारण तू अंत्यविधीला व्यासपीठावरून सगळ्यांना सांगून टाकलं होतंस.

तर माझे बटाटे. मी ट्रे मधोमध ठेवला आणि सगळ्यांनी हात मागे घेतले. या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत मयतानंतर चाळीस दिवस दूध, चीज, मांस काही चालत नाही. मी सायीचा डोंगर करून नेला होता. एक म्हातारी वाकून बघायला लागली. "हे वर काय आहे?" मी सांगितलं. ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "अगं बायांनो, खाली दुपारचं जेवण आणि वर सकाळचा नाश्ता!" आणि एफ्ताली हसली. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा. सगळ्या हसल्या, रुमालाआड, खांदे हलवत. बटाटे समोरच्या मुसलमान शेजारणीने घरी नेले, तिच्या माणसांनी चाटून पुसून खाल्ले.

संध्याकाळपर्यंत चौघी-पाचजणीच उरल्या. शेजारणीने ट्रे घासून आणला. एफ्तालीने तो पालथा धरला आणि चिकटपट्टी बघितली. "कोणाचं नाव?"

"बहिणीचं."

"ती कुठाय?"

"घरी. अमेरिकेत."

"आणि आई?"

"आई गेली."

"कशी गेली?"

आता ऐक. तू जे सगळ्यांना सांगितलंस तेच मी सांगणार होते. की मी हात धरून बसले होते. पण खोटं बोलायला जास्त शब्द लागतात, रीव्हा. माझ्याकडे तेवढे नव्हते. जे होते त्यांत फक्त खरं मावत होतं.

मी सांगितलं. मार्च महिना, दुपारचे दोन. आई सकाळपासून त्याच त्याच हाका मारत होती, मला नाही, तुला. "रीव्हा कुठाय? रीव्हा आली का?" मी तिला कुशीवर केलं, पाणी पाजलं आणि बाहेर जाऊन पुढच्या अंगणात ट्रकमध्ये बसले. काचा वर केल्या. एक संत्रं खाल्लं. साली डॅशबोर्डवर ठेवल्या. चाळीस मिनिटं बसले. मला आत जायचंच नव्हतं. आत आले तेव्हा ती गेलेली होती.

कोणी हाय हाय केलं नाही. एफ्ताली म्हणाली, "पेत्राक गेला तेव्हा मी लाकडं आणायला गेले होते. वाट बघतात ती, आपण बाहेर जायची." एवढंच. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सिस्टर ओपनशॉचं विणकाम थांबलं होतं. तिला किती कळलं माहीत नाही.

मग एफ्तालीने ट्रेकडे बघितलं. "आणि हा?"

"त्या दिवशी आला. आत आले तर शेगडीवर होता. गरम."

"तू ट्रकमध्ये होतीस."

"हो."

"मग काय पायांनी चालत आला?"

मी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. ती म्हणाली, "मागचं दार आहे घराला?"

"आहे."

"मग बहीण आत होती, पोरी."

खालच्या बाईला, जिने आपलं घर जन्मात पाहिलं नाही, तिला दोन मिनिटांत कळलं. मला अडीच वर्षं कळलं नाही? मूर्खपणा. मला तेव्हाच कळलं होतं. आईचे डोळे मिटलेले होते. मी मिटले नाहीत. चादर हनुवटीखाली दुमडून घातलेली होती, दोन्ही कोपरे आत, तू घालतेस तशी. आईला चादर गळ्याशी आलेली आवडायची नाही, मी कधी तशी घातली नसती. मी ते सगळं बघितलं, चादर खाली ओढली, आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, "अरे देवा, कधी?"

कधी! मला विचारलंस!

आणि चार दिवसांनी व्यासपीठावर उभी राहून रडत सांगितलंस, "माझी नेड्रा शेवटपर्यंत तिचा हात धरून होती." मी पहिल्या बाकावर होते. मान हलवली. तू मला वाचवत होतीस की स्वतःला, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तू खिडकीतून मला ट्रकमध्ये बघितलं असणार. आणि हाक मारली नाहीस.

आता तीच खोटी गोष्ट तू माझ्या प्रेसिडेंटला लिहिलीस. त्याच्या जोरावर मला घरी आणायला निघालीस, तुझ्या नवऱ्याच्या खोलीत बसायला. का गं? एकटीने त्या खोलीत बसायची भीती वाटते? वाटत असेल तर तसं सांग. मी हसणार नाही. मीही एकदा ट्रकमध्ये जाऊन बसले आहे.

पण मी येणार नाही. जूनपर्यंत नाही. इथे सात घरं होती, आता सहा आहेत, आणि काल दोन नवीन आली. डाल्टनचं कसं करायचं ते मी तुला दर सोमवारी फोनवर शिकवीन, जसं इथल्या बायकांना शिकवते. चादर कशी घालायची इथपासून. तू शिकशील. तुझी पाठ माझ्यापेक्षा चांगली आहे. जूनमध्ये मी आले की मला समोरासमोर विचार. हुकूम नको. विचार. मग बघू.

काल मी प्रेसिडेंटला फोन केला आणि ट्रकचं सांगितलं. संत्र्यासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थँक यू, सिस्टर." तुझं मात्र काही सांगितलं नाही. ते तू सांगायचं.

तर तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. प्रेसिडेंटला दोन ओळी, की "मी लिहिलं ते खरं नव्हतं." आणि मला उत्तर. तू मागच्या दाराने आलीस तेव्हा आई जिवंत होती का? असली तर तिने तुला बघितलं का? ती दिवसभर तुझं नाव घेत होती, ते मी सहन केलं नाही आणि बाहेर गेले. तिला तू भेटलीस एवढं जरी कळलं, तरी त्या चाळीस मिनिटांचं मी बघून घेईन. नसली भेटली तरी कळू दे. खोटं लिहू नकोस. मला हळू वाचता येतं, पण खोटं मी वाचू शकते.

ट्रे एफ्तालीने ठेवून घेतलाय. इथे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ती त्यात काहीतरी घालून देईल तेव्हा मी तो घेऊन येईन.

प्रेसिडेंट तेवीस तारखेच्या शुक्रवारी ठरवणार. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बावीस तारखेला, थँक्सगिव्हिंग आहे. तुझ्या घरी सगळे जमतील, तू टेबलाच्या टोकाला उभी राहून प्रार्थना म्हणशील. त्याच्या आधी लिही. टाइप करू नकोस, हाताने लिही, आणि फोटो पाठव. आई जिवंत होती का, रीव्हा? गुरुवारपर्यंत.

नेड्रा